व्हर्लिन स्ट्रूपची सातवी बंदूक

व्हर्लिन स्ट्रूपला सैन्यात घेतलं नव्हतं. तळपाय सपाट निघाले. पण जर्मन स्नायपर या विषयावर तो अशा काही अधिकाराने बोलायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा गडी दोन हिवाळे रशियाच्या बर्फात झाडावर बसून होता. प्रत्यक्षात तो एकतीस वर्षं टाउनशिपच्या रस्ते खात्यात बर्फ ढकलायची गाडी चालवत होता, आणि तीही अशी की ब्रायर रन गावातल्या निम्म्या घरांच्या टपालपेट्या त्याने कधी ना कधी आडव्या केलेल्या.

निवृत्त झाल्यावर माणूस मासे पकडतो, चर्चच्या छपराला डांबर लावतो, निदान बायकोला बाहेर जेवायला नेतो. व्हर्लिनने तळघरात लोखंडी कपाट बसवलं, हवा कोरडी ठेवायचं यंत्र बसवलं, आणि त्यांना जागा व्हावी म्हणून बायको लोइसचं कपडे धुण्याचं यंत्र मागच्या ओसरीवर नेऊन ठेवलं. जानेवारीत ती बिचारी कोट घालून कपडे धुवायची. एकदा ती म्हणाली, "ज्या बंदुकांनी आपली पोरं मारली त्यांना ऊब आणि मला थंडी, हे कुठलं शास्त्र?" व्हर्लिनने तिला दमट हवेने लाकूड कसं फुगतं ते समजावून सांगितलं.

कपाटात सहा बंदुका होत्या. सगळ्या जर्मन माउझर, सगळ्या दुर्बिणीच्या. त्यातल्या एकीतूनही त्याने कधी गोळी झाडली नव्हती, कारण झाडली तर किंमत उतरते. हात लावायचा तो पांढरे सुती हातमोजे घालून. धूळ पुसायची नाही, डाग काढायचा नाही, चीर बुजवायची नाही. या पंथाचा पहिला नियम असा की बंदूक जितकी मळकी तितकी खरी. पन्नास वर्षांपूर्वी सैनिकाच्या हातचा जो मळ तिला लागला तो तसाच हवा. घासूनपुसून लखलखीत केलेली बंदूक म्हणजे बाटलेली बंदूक. दुसरा नियम नंबरांचा. कारखान्याने नळीवर, बोल्टवर, दस्त्यावर, दुर्बिणीच्या खुंटीवर एकच नंबर ठोकलेला असतो. सगळीकडे तोच नंबर असला तर ती अस्सल. एक आकडा इकडचा तिकडे झाला की ती जोडतोड केलेली, आणि तिचा मालक चेष्टेचा विषय. बंदुकीने कुणाला मारलं, का मारलं, हे कुणी विचारत नाही. नंबर तेवढा जुळला पाहिजे.

दर एप्रिलला अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये संग्राहकांचं प्रदर्शन भरायचं. हॉलच्या मधोमध, झेंड्याखाली एक टेबल असे. ज्याचा संग्रह सगळ्यांत भारी, त्याला ते मिळायचं. नऊ वर्षं ते व्हर्लिनकडे होतं. नऊ वर्षं तो तिथे खुर्ची टाकून बसला, येणाऱ्याजाणाऱ्याच्या बंदुका बघून नाक मुरडत राहिला, आणि कितीतरी जणांना त्याने चारचौघांत सांगितलं की बाबा रे, तुला कुणीतरी टोपी घातली आहे. त्यात त्याला जो आनंद व्हायचा तो त्याच्या तोंडावर लोण्यासारखा चमकायचा.

मग गेल्या एप्रिलला ड्वेन फिकेस भिंग घेऊन आला. ड्वेन हा व्हर्लिनचा जुना स्पर्धक, दोन टेबलं सोडून बसणारा, बोलायला गोड. त्याने व्हर्लिनच्या मानाच्या बंदुकीवर भिंग धरलं, पाच मिनिटं एकेक आकडा न्याहाळला, आणि मग शांतपणे म्हणाला की दुर्बिणीच्या खुंटीवरचा चार आणि नळीवरचा चार एका हातचे दिसत नाहीत. माणसं गोळा झाली. प्रत्येकाने भिंगातून पाहिलं. खुंटीवरचा नंबर घासून नवा ठोकलेला होता, आणि नऊ वर्षं लोकांना टोप्या दाखवत बसलेल्या माणसाच्या स्वतःच्याच डोक्यावर टोपी निघाली. दुपारनंतर संग्राहकांच्या क्लबने पुढच्या वर्षीचं मधलं टेबल ड्वेनच्या नावावर लिहिलं. एवढीच सवलत ठेवली, की मार्च संपेपर्यंत कुणी त्याहून सरस बंदूक दाखवली तर पुन्हा विचार करू.

तेव्हापासून व्हर्लिनला दुसरं काही सुचत नव्हतं. खरी, नंबर जुळणारी, कुणाही संग्राहकाच्या हाताला न लागलेली, एखाद्या सैनिकाने थेट लढाईतून घरी आणलेली एक बंदूक त्याला मार्च संपायच्या आत हवी होती.

अशी बंदूक दुकानात मिळत नाही. ती मिळते म्हाताऱ्यांच्या तळघरात, आणि म्हातारे मेल्यावर. म्हणून व्हर्लिन रोज सकाळी वर्तमानपत्राचं मृत्यूंचं पान आधी वाचायचा. लढाईला गेलेला कुणी वारला की हा सूट घालून हजर. विधवेचा हात दोन्ही हातांत धरून म्हणायचा, "फार मोठा माणूस गेला." तिच्या घरी जाण्याआधी तो सहा आठवडे थांबायचा. त्याच्या मते तो सभ्यपणा होता. त्याआधी गेलं तर बाई रडत बसते आणि काम होत नाही.

जानेवारीत स्टीव्ह हुदाक वारला. लढाईवरून परतल्यावर चाळीस वर्षं खाणीत घालवलेला, कमी बोलणारा, शेवटी नुसता खोकणारा माणूस. त्याची बायको आयर्मा शाळेच्या स्वयंपाकघरात होती. व्हर्लिनच्या ताटात सहावीपासून तिनेच मटार वाढलेले. सहा आठवडे भरल्यावर व्हर्लिन तिच्या दारात उभा राहिला, स्टीव्हबद्दल चार गोड शब्द बोलला, आणि त्याने तिकडून काही आणलं होतं का, असं सहज विचारावं तसं विचारलं.

आयर्मा त्याला तळघरात घेऊन गेली. मिरच्यांच्या बरण्यांच्या फळीमागे खाणीतला जुना रबरी कोट होता आणि त्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. व्हर्लिनने हातमोजे चढवले आणि कोट उलगडला.

उंच खुंटीवर दुर्बीण. नळीवर नंबर, खुंटीवर तोच, बोल्टवर तोच, दस्त्याच्या लोखंडी टाचेवर तोच. जर्मन तपासनिसांचे गरुडाचे बारीक छाप जागच्या जागी, कडा धारदार. लाकूड तेलाने आणि हातांनी काळं पडलेलं. आणि नळीभोवतीचं पुढचं कडं त्याने अंमळ सरकवलं, तर खाली लाकूड करवतीने आडवं कापलेलं. ती चीर बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लक्षात ठेवा, स्टीव्हच्या मयतीला ते आलं नव्हतं. अखंड बंदूक किटबॅगेत मावायची नाही म्हणून सैनिक दस्ता कापून तिचे दोन तुकडे करून घरी आणत. ही चीर म्हणजे थेट लढाईतून आल्याचा दाखला. असल्या बंदुकीला सहा हजार डॉलर मोजायला माणसं रांग लावतील, आणि झेंड्याखालचं टेबल तर पळत येईल.

एवढं सगळं पोटात ठेवून व्हर्लिनने मान हलवली, खोल सुस्कारा सोडला, आणि म्हणाला, "अरेरे."

मग तो दुःखी चेहऱ्याने तिचे दोष सांगू लागला. दस्ता कापलेला आहे. लाकूड मळून काळं झालंय. लोखंडावर गंजाची सावली आहे. दुर्बीण धुरकट. स्टीव्हने नीट ठेवली असती तर गोष्ट वेगळी होती. आयर्मा ऐकत राहिली. नवऱ्याने नीट ठेवली नाही हे ऐकून तिचा चेहरा उतरला, ते त्याला दिसलं, आणि बरंच वाटलं. तिच्यावर उपकार म्हणून तो तीनशे डॉलर द्यायला तयार झाला. ती म्हणाली, विचार करून सांगते.

गुरुवारी तो, सहज आल्यासारखा, चर्चच्या खालच्या हॉलमध्ये गेला. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत तिथे बायका बसून शुक्रवारच्या विक्रीसाठी पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, करतात. आयर्मा धरून चार जणी टेबलाभोवती, हात बटाट्याच्या सारणात, आणि जिभा मोकळ्या. आयर्माने त्यांना सगळं सांगितलेलंच होतं. बर्था युर्को नावाची बाई, जिचं कोर्टात अर्धं आयुष्य टाइप करण्यात गेलं आणि जी ऐकलेला शब्द विसरत नाही, ती म्हणाली, लढाईवरून आणलेल्या वस्तूला तीनशे कमी नाहीत का?

इथे व्हर्लिनने गप्प बसायला हवं होतं. पण चार बायका कान देऊन ऐकताहेत आणि विषय बंदुकांचा, म्हटल्यावर त्याला कुठला धीर. तो हात मागे बांधून उभा राहिला आणि त्याने व्याख्यान दिलं.

"बाई, मी सरळ माणूस आहे," तो म्हणाला. "हीच बंदूक जर अखंड असती, घासूनपुसून लखलखीत असती, तर मी डोळे मिटून बाराशे मोजले असते. पण या अवस्थेत ती घेणार कोण? माझ्यासारखा एखादा वेडा."

बर्थाने पिरोगीची कड चिमटीने दाबली आणि विचारलं, "बाराशे?"

"बाराशे. शब्द आहे माझा."

उचलली जीभ लावली टाळ्याला. आयर्माने पिठाच्या हातांनी पुढची पारी लाटायला घेतली.

आता या पंथाचा तिसरा नियम असा की पुन्हा विचारायला जायचं नाही. गेलात तर समोरच्याला कळतं की तुम्हाला ती वस्तू हवी आहे. व्हर्लिन घरी बसला. फोन वाजला की आधी उठायचा, आणि लोइसची बहीण निघाली की तोंड वाकडं करायचा. कपाटातली मधली जागा त्याने रिकामी केली. प्रदर्शनात टेबलावर ठेवायच्या पाटीचा मजकूर लिहून काढला, तीनदा खोडला. ड्वेन फिकेसला क्लबमध्ये भेटल्यावर तो म्हणाला, या वर्षी भिंग जरा मोठं आण. मनात मांडे खायला पैसे पडत नाहीत, म्हणून माणूस ते पोटभर खातो.

अकराव्या दिवशी आयर्माचा फोन आला. म्हणाली, बंदूक तयार आहे, ये.

तयार म्हणजे काय, असा प्रश्न त्याला पडायला हवा होता. पडला नाही.

तिच्या स्वयंपाकघरात बर्था युर्को कोट काढून आरामात बसलेली होती. ओट्यावर ईस्टरसाठी केलेले अक्रोडाचे रोल गार होत होते. आणि टेबलावर, नव्या टॉवेलवर, ती बंदूक होती.

ती चमकत होती. लाकूड मधाच्या रंगाचं झालं होतं, त्यावर जाड पारदर्शक लॅकर, आणि त्यात खिडकीचं प्रतिबिंब दिसत होतं. चीर नव्हती, डिंक आणि लाकडाचा भुसा भरून, घासून इतकी बेमालूम बुजवलेली की बोट फिरवून कळू नये. नळी आणि दुर्बीण काळीभोर, गाडीच्या बंपरसारखी. आयर्माचा भाचा रॉनी गाड्यांचे पत्रे ठोकून रंगवण्याचं गॅरेज चालवतो. हाताचा कसबी माणूस. त्याने दहा दिवस संध्याकाळी दुकान बंद करून मावशीसाठी हे काम केलं होतं. पॉलिशच्या चाकावर त्याने लोखंडावरचा गंज काढला, आणि गंजाबरोबर गरुड गेले, छाप गेले, नंबरही गेले. जिथे नंबर होता तिथे आता एक गुळगुळीत, निष्पाप उंचवटा होता.

व्हर्लिनने खिशातले हातमोजे बाहेर काढले नाहीत. हातही लावला नाही. तो खुर्चीवर बसला.

आयर्मा म्हणाली, तुला मळकी, मोडकी वस्तू द्यायला माझ्या जिवाला बरं वाटेना. तू सांगितलंस तसं सगळं करून घेतलंय. बघ, अखंड आहे.

बर्था म्हणाली, आणि लखलखीत. मग तिने त्या गुरुवारचं त्याचं बोलणं शब्दन् शब्द म्हणून दाखवलं, अगदी 'डोळे मिटून'सकट. कोर्टात टाइप करायची तशी, सूर न बदलता.

आता या शहाण्याने काय करावं? हे काय करून ठेवलंत, सहा हजारांची वस्तू मातीत घातलीत, असं ओरडावं, तर मग तीनशे का सांगितलेस, हा प्रश्न आलाच. नको म्हणावं, तर रविवारच्या प्रार्थनेआधी गावभर होणार की स्ट्रूपने विधवेला शब्द दिला आणि फिरवला. आपलेच दात आपल्याच घशात गेले की माणसाला बोलता येत नाही. त्याने चेकबुक काढलं आणि बाराशेचा आकडा लिहिला. आकडा लिहिताना चारदा थांबला. बर्थाने चेक हातात घेऊन तारीख तपासली आणि आयर्माला दिला. मग कोट घालून, समाधानाने निरोप घेऊन ती गेली.

आयर्मा एक रोल पुढ्यात ओढून त्याच्यासमोर बसली आणि तिने सुरी हातात घेतली. त्याचं पडलेलं तोंड तिने पाहिलं. तिला काय वाटलं कोण जाणे. तिला कदाचित वाटलं की स्टीव्हची वस्तू हातात येताच याला स्टीव्ह आठवला. ती हळू आवाजात बोलू लागली.

"रॉनीने नळी उचलली ना, तर आत लाकडावर नाव कोरलेलं होतं. चाकूच्या टोकानं. जर्मन नाव. खाली वय, एकोणीस. आणि तारीख."

व्हर्लिनने मान वर केली.

"स्टीव्हचं अक्षर," ती म्हणाली. "त्या मेलेल्या पोराच्या खिशातल्या ओळखपुस्तकातून घेतलं असणार त्याने. दरवर्षी त्या तारखेला चर्चमध्ये पैसे देऊन मेलेल्यासाठीची प्रार्थना म्हणवून घ्यायचा, आणि फादरना सांगायचा, एका ओळखीच्यासाठी. एवढंच. पन्नास वर्षं मला वाटत होतं, कुणीतरी बाई असेल तिकडची. विचारलं नाही कधी. भांडले मात्र पुष्कळ." तिने रोलच्या कडेला सुरी टेकवली, कापलं नाही. "आता या वर्षी मी नाव देऊन आलेय फादरना. पहिल्यांदा मोठ्याने वाचतील."

माणसाच्या जागी माणूस असता तर इथे गप्प बसला असता. व्हर्लिन मात्र मनातल्या मनात बेरीज करत होता. नंबर गेले, छाप गेले, चीर गेली, ते खरं. पण मारलेल्याचं नाव, वय, तारीख, आणि खुद्द विधवेच्या हातचा कागद. अशी कहाणी ब्रायर रनमध्येच काय, अख्ख्या पेनसिल्व्हेनियात कुणाच्या टेबलावर नव्हती. ड्वेन फिकेसने भिंग धरून काय बघायचं ते बघावं. मार्च संपायला अजून आठ दिवस होते. त्याच्या गालांवर पुन्हा रंग आला.

"काय होतं नाव?" त्याने विचारलं, आणि आवाज जमेल तितका जड केला.

आयर्माचे डोळे भरून आले. आजवर कुणी तिला हे विचारलं नव्हतं. ती सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने खिशातून पेन काढलं, टेबलावर पडलेला विजेच्या बिलाचा कागद उलटा केला आणि तिच्याकडे सरकवला.

"असं करा ना, मिसेस हुदाक, ते सगळं इथे लिहूनच द्या. नाव, वय, स्टीव्हने कुठे मारलं ते. खाली सही आणि तारीख. आणि ते कोरलेलं रॉनीने अजून राखलं असेल ना आत?"

आयर्माने त्या कागदाकडे पाहिलं. मग पेनकडे. मग या माणसाकडे, ज्याला तिने सहावीत मटार वाढले होते. सुरी तिने खाली ठेवली.

"नाही," ती म्हणाली. "सगळ्यात आधी तेच खरवडायला सांगितलं मी रॉनीला. बंदूक कुठे जाणार ते मला माहीत होतं, व्हर्लिन."

तिने रोलवर फडकं झाकलं, उठून मागचं दार उघडलं आणि ते धरून उभी राहिली. व्हर्लिनने बंदूक टॉवेलसकट उचलली. टॉवेल नवा होता; तो तिने परत मागून घेतला.